हेवी मेटलमधील ‘दशावतार’

जालन्यास ज्याचें बालपण पोलादाच्या रोलिंग मिलच्या शेजारीं गेलें, त्यास ‘कर्कश’ हा शब्द योजतांना अंमळ विचार करावा लागतो. त्या यंत्रांच्या घरघरीवर आम्हांस झोप लागे, आणि एखादे रात्रीं मिल बंद पडली म्हणजे जाग येई. म्हणूनच कीं काय, ‘हेवी मेटल’ या पाश्चात्त्य संगीतप्रकाराचा प्रस्तुत लेखकास गेलीं पंचवीस वर्षें नाद आहे; व ‘हा गोंगाट पुरे कर’ हा घरांतील वडील मंडळींचा आक्षेपहि तितकाच जुना आहे. तो अगदींच निराधार नाहीं, हें प्रथमच कबूल करतों.

या संगीताचा जन्महि कारखान्यांच्या गांवींच झाला. इंग्लंडांतील बर्मिंगहॅमचा टोनी आयोमी हा पत्र्याच्या कारखान्यांत कामास असतां त्याचा उजवा हात यंत्रांत सांपडला व दोन बोटांचीं अग्रें तुटलीं. तो डावखुरा, तेव्हां गिटारीच्या तारा दाबावयाचीं बोटें नेमकीं तींच. त्यानें प्लॅस्टिक वितळवून बोटांस टोपणें केलीं, पुढें तारा सैल केल्या, आणि त्या सैल तारांचा खर्ज साऱ्या संप्रदायाचा आधारस्वर होऊन बसला. त्याच्या ‘ब्लॅक सॅबथ’ या वाद्यवृंदाची पहिली तबकडी १९७० सालची. तिच्या आरंभीं पाऊस व घंटा यांचा आवाज येतो, आणि मग तीनच स्वर एकामागून एक सावकाश पडूं लागतात. तीर्थरूप अण्णांस मीं ती एकदां ऐकविली. सारी हयात मिलमध्यें काढलेले अण्णा थोडे थांबून म्हणाले, “याला घाई नाहीं.” या संगीताची इतकी नेमकी परीक्षा मीं छापलेली कोठें वाचलेली नाहीं. घणाचें वजन कळतें तें दोन घावांमधल्या अवकाशांत.

हेंच माप घेऊन मुंबईच्या ‘डीमॉनिक रेसरेक्शन’ या वाद्यवृंदाची २०१७ सालची ‘दशावतार’ ही तबकडी ऐकावी. साहिल मखीजा यानें २००० सालीं स्थापिलेला हा वृंद नॉर्वे-जर्मनीच्या संगीतमेळ्यांपर्यंत जाऊन आलेला आहे. मत्स्यापासून कल्कीपर्यंत एकेका अवतारास एकेक गीत, अशी योजना. कवट्या व सैतान यांच्या ठराविक चित्रांस कंटाळलेल्या माझ्यासारख्या जुन्या श्रोत्यास ही कल्पनाच सुखावून गेली. वृंदाची तयारी वादातीत आहे. घशाच्या तळांतून काढलेली गर्जना व स्वच्छ गायन यांची आलटून-पालटून केलेली योजनाहि नाट्यास अनुकूल आहे. परंतु पायानें वाजावयाच्या ढोलांची दौड इतकी भरधाव कीं अवतारांस उभें राहावयास जागाच उरत नाहीं. नरसिंहाची कथा घ्या. दिवस नाहीं, रात्र नाहीं. घर नाहीं, अंगण नाहीं. अशा उंबरठ्यावर सारी सृष्टि क्षणभर थबकलेली असते. कोंकणांतील साधा दशावतारी नट तो क्षण हातचा जाऊं देत नाहीं. येथें मात्र तो ढोलांखालीं चेंगरतो.

दुसरी तक्रार भाषेची. गीतें इंग्रजींत आहेत. परदेशीं श्रोते मिळवावयाचे तर तें समजण्यासारखें आहे. पण या प्रकारच्या गर्जनेंत स्वर बुडतात व व्यंजनें तेवढीं वर राहतात, ही गोष्ट कोणी लक्षांत घेतलेली दिसत नाहीं. आणि कठोर व्यंजनांची मराठींत वाण का आहे? रामदासांचें मारुतिस्तोत्र आमच्या घरोघर मुलें म्हणतात. त्यांतील जोडाक्षरें म्हणतांना लहान पोरांचीहि छाती फुगते, आणि तेथें गति साध्या अनुष्टुभाची आहे. हा कवि १६०८ सालीं जन्मला तो याच जिल्ह्यांत, जांबेस. स्तोत्रास गिटार लावा असें माझें म्हणणें नाहीं. तसें केल्यास अण्णाच काय, मीहि उठून जाईन. पण जड संगीतास जड शब्द हवे असतील तर ते कोणत्या ठोक्यावर व किती अंतरानें टाकावे, हें त्या स्तोत्रापाशीं बसून शिकण्यासारखें आहे.

तोंपर्यंत ‘दशावतार’ ऐकावयाची झाल्यास गीतांचा कागद समोर ठेवावा, आणि प्रत्येक अवतारानंतर तबकडी थांबवून मगच पुढील गीत लावावें. मीं तसें केलें, व दुसऱ्या खेपेस कूर्म मला पहिल्याहून पुष्कळच जड वाटला.