निर्दोष सुराचा धाक

श्री. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘द डिसायपल’ हा मराठी चित्रपट सन २०२० मध्यें व्हेनिसच्या महोत्सवांत प्रथम दाखविला गेला व तेथें त्यास पटकथेचें पारितोषिक मिळालें. ज्या घरांतून मुलें गाणें शिकतात, त्या घरांनीं या चित्रपटांतील एका गोष्टीचा स्वतंत्र विचार करावा असें आम्हांस वाटतें. ती गोष्ट म्हणजे विद्यार्थ्याच्या मनांतील भीति.

शरद नेरुळकर हा मुंबईचा तरुण गुरुजींजवळ ख्यालगायकी शिकतो, मैफलींत त्यांच्यामागें तंबोरा घेऊन बसतो, आजारपणांत त्यांची शुश्रूषा करितो. रात्रीं ओस रस्त्यांवरून मोटारसायकल चालवीत असतां तो माईंचीं ध्वनिमुद्रित व्याख्यानें ऐकतो. माई म्हणजे गुरुजींच्या गुरु. त्यांचा केवळ आवाज आपणांस भेटतो, आणि तो कै. सुमित्रा भावे यांचा आहे. संगीत ही तपश्चर्या असून चित्त शुद्ध झाल्याविना सूर सच्चा लागत नाहीं, असा त्या उपदेशाचा भाव. स्पर्धेंत शरदला यश येत नाहीं, वर्षें लोटतात, आणि एके दिवशीं तो आपलें गाणें अर्ध्यावर सोडून व्यासपीठावरून उठून जातो.

सभेची भीति ही नवी गोष्ट नव्हे. घसा कोरडा पडतो, श्वास अपुरा होतो, तान अडखळते. हा शरीराचा धर्म असून सवयीनें तो पुष्कळ सौम्य होतो. गुरूच्या मागें बसून स्वर भरावयाची आपली परंपरा या दृष्टीनें मोठी शहाणपणाची आहे. सारी बैठक अंगावर न घेतां शिष्य चार जागा गातो, आणि श्रोत्यांची नजर त्याच्या अंगवळणीं पडते. हें सर्व शरदला लाभलें होतें. मग तो कां खचला?

आमच्या मतें त्याचा खरा श्रोता सभागृहांत नव्हताच. तो त्याच्या कानांत बसला होता. सुरांतील दोष हा मनाचा दोष, असें एकदां मानलें कीं प्रत्येक चुकलेली तान म्हणजे स्वतःच्या योग्यतेवरील निवाडा होऊन बसते. चुकलेली तान उद्यांच्या रियाजांत सुधारतां येते. मन अशुद्ध ठरल्यावर मनुष्यानें काय करावें? एक जुना संग्राहक माईंच्या मानवी उणिवा सांगूं लागतो, तेव्हां शरद पेल्यांतलें मद्य त्याच्या तोंडावर फेकतो. माईही माणूसच होत्या, हें मान्य केलें असतें तर कदाचित् त्याला सुटका मिळाली असती. तीच त्यानें नाकारली.

ख्यालाच्या बाबतींत हा धाक विशेष घातक आहे. विख्यात पियानोवादक ग्लेन गूल्ड यांनीं १९६४ सालीं जाहीर मैफली सोडल्या व ध्वनिमुद्रणगृहांत आपलें कार्य चालू ठेविलें. त्यांच्यापुढें बहुधा लिहिलेली रचना असे. ख्यालगायकास मात्र बंदिशीपलीकडचें सारें त्या क्षणीं घडवावें लागतें. प्रत्येक सूर तोलूनच बाहेर सोडणाऱ्यास उपज सुचत नाहीं. चुकण्याची तयारी नसेल तर रागही खुलत नाहीं.

दिग्दर्शकानें कॅमेरा दूर व स्थिर ठेवून आपणांस श्रोत्यांच्या जागीं बसविलें आहे, हें उचित झालें. श्री. आदित्य मोडक हे स्वतः शिकलेले गायक असल्यानें शरदचें गाणें वाईट वाटत नाहीं. तें नेटकें आहे, आणि त्यांतच करुणा आहे. उणीव इतकीच कीं, रागांत रमून गेलेला शरद आपणांस जवळजवळ कोठेंच दिसत नाहीं. त्यामुळें त्यानें काय गमावलें याची पुरती कल्पना येत नाहीं.

कठोर शिस्तीवांचून कला नाहीं, असा आक्षेप कोणी घेईल. तो खरा आहे. परंतु शिस्तीची जागा रियाजाच्या खोलींत आहे. तेथें एकच पलटा शंभर वेळां घोटावा, आणि सभेंत तो विसरावा. पालकांनींही इतकें करावें: मुलगी संगीताच्या परीक्षेहून घरीं आली म्हणजे गुण किती पडतील असें विचारण्याऐवजीं कोणता राग गायलीस आणि त्यांत नवें काय सुचलें, हें आधीं विचारावें.