शिष्टाचाराची मोजपट्टी : विनम्रतेचे सिद्धांत आणि मराठी भाषाव्यवहार

पौर्वात्य माणूस आडवळणाने बोलतो, पाश्चात्त्य माणूस थेट बोलतो; पाश्चात्त्य समाज पदोपदी आभार मानतो, पौर्वात्यांना ते सुचत नाही, अशी मांडणी संप्रेषण-कौशल्यावरील पुस्तकांतून वारंवार आढळते. तिचा आधार एडवर्ड हॉल यांच्या ‘बियाँड कल्चर’ (१९७६) या ग्रंथातील संदर्भबहुल व संदर्भविरळ संस्कृतींच्या कल्पनेत शोधला जातो. हॉल यांनी ही एक चढती-उतरती श्रेणी मानली होती. पुढे तिचे दोन बंद कप्पे झाले.

हे कप्पे जेवणाच्या पंगतीतही टिकत नाहीत. इंग्रजीत मीठ मागणारा ‘आपण मीठ देऊ शकाल का’ या अर्थाचा प्रश्न विचारतो. मराठी घरात ‘जरा मीठ वाढ गं’ एवढे पुरते. आडवळण नेमके कोणाचे?

पेनेलोपी ब्राऊन आणि स्टीव्हन लेव्हिन्सन यांचा विनम्रतेचा सिद्धांत (१९७८, स्वतंत्र ग्रंथ १९८७) अधिक गंभीर आहे. इंग्रजी, तमिळ आणि मेक्सिकोतील त्सेल्ताल या भाषांच्या आधारे त्यांनी असे प्रतिपादन केले की, विनंती म्हणजे समोरच्याच्या स्वातंत्र्यावरील आक्रमण आणि विनम्रता म्हणजे त्या आक्रमणाची धार बोथट करणे. योशिको मात्सुमोतो यांनी १९८८ मध्ये यावर नेमके बोट ठेवले. जपानी माणूस प्रथम भेटीतच ‘योरोशिकु ओनेगाइशिमासु’ म्हणून स्वतःचा भार समोरच्यावर टाकतो आणि त्यातच त्याचा मान राखतो. मराठी वाचकास हे नवे वाटू नये. ‘लोभ असावा ही विनंती’ हा पत्राचा शेवट याच जातीचा आहे. सभेतील वक्ताही आभार मानण्याऐवजी ऋणात राहणे पसंत करतो. (हे वाक्य आता गुळगुळीत झाले आहे, हा भाग वेगळा.) आभार मानले की हिशेब मिटतो, ऋणात नाते चालू राहते. आईला ‘धन्यवाद’ म्हणताना जीभ अडखळते ती यामुळेच. त्यात असभ्यता पाहणे ही मोजपट्टीची चूक होय.

मात्र एतद्देशीय शिष्टाचाराचा गौरव येथेच थांबवावा लागतो. साचिको इदे यांनी १९८९ मध्ये दाखविल्याप्रमाणे काही भाषांत विनम्रता ही वक्त्याची निवड नसून स्थान ओळखण्याची सक्ती असते. मराठीत तू, तुम्ही, आपण यांतून एक रूप घेतल्यावाचून वाक्य बहुधा पुरे होत नाही. ब्राऊन आणि गिल्मन यांनी १९६० मध्ये सर्वनामांत सत्ता व सलगी असे दोन अक्ष दाखविले. आईला आणि विठ्ठलाला म्हटलेले ‘तू’ सलगीचे असते. गावकुसाबाहेरच्या वृद्धाला सवर्णाच्या पोराने केलेले अरे-तुरे सत्तेचे होते. रूप एकच, म्हणून अपमानाला आपुलकीचा आडोसा मिळाला. आधुनिक इंग्रजीतील ‘यू’ शिपायाला आणि प्राचार्यांना सारखेच लागू पडते. ते कोरडे असेल. पण वयाने वडील असलेल्या शिपायाला ‘तू’ म्हणायचे की ‘तुम्ही’, हा प्रश्न मराठी कार्यालयात रोज सकाळी नव्याने उभा राहतो आणि संप्रेषण-कौशल्याच्या पुस्तकांत त्याला क्वचितच जागा मिळते.