लांडग्याची शेपटी

हितोपदेशातील म्हाताऱ्या वाघाची गोष्ट आपणांपैकी पुष्कळांनी शाळेत असताना वाचली असेल. तळ्याकाठी स्नान करून, हाती दर्भ धरून बसलेला तो वाघ वाटसरूला सोन्याचे कंकण दाखवितो; तारुण्यात आपल्या हातून फार पापे घडली, परंतु आता आपण दानधर्माला लागलो आहोत असे सांगतो; आणि विश्वासाने पुढे आलेला तो वाटसरू चिखलात रुतताच त्याला खाऊन टाकतो. पंचतंत्रातले व्रतस्थ मांजर याच जातीचे. ससा आणि कपिंजल आपला तंटा घेऊन त्याच्यापुढे जातात, आणि निवाडा मिळण्याऐवजी दोघेही त्याच्या पोटात जातात. आपल्या प्राणिकथांचा या बाबतीतला कौल निःसंदिग्ध आहे. ज्याच्या तोंडात सुळे आहेत त्याने सुधारण्याची भाषा केली, की शहाण्याने दोन पावले मागे सरावे.

हा कौल मनात मुरलेल्या माणसाने ‘द बॅड गाईज’ हा २०२२ सालचा अमेरिकन चित्रपट पाहावा, म्हणजे त्याची मोठी गंमत होते. ड्रीमवर्क्स या संस्थेने संगणकाच्या साहाय्याने घडविलेला हा हलत्या चित्रांचा बोलपट पिएर पेरिफेल या फ्रेंच दिग्दर्शकाचा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट होय. त्याची कथावस्तू एरन ब्लेबी या ऑस्ट्रेलियन लेखकाने २०१५ पासून लिहिलेल्या बालपुस्तकांच्या मालेतून घेतली आहे. लांडगा, साप, शार्क, पिरान्हा मासा आणि टॅरँट्युला जातीची कोळीण अशा पाच दरोडेखोरांची ही टोळी. पकडली गेल्यावर ती सुधारण्याचे सोंग घेते, आणि सोंग घेता घेता खरोखरच सुधारते. म्हणजे हितोपदेशातला वाघ बोलला ते शेवटी खरे ठरले, असेच जणू हा चित्रपट सांगतो. बदलीच्या गावी मुलांच्या आग्रहाखातर आपण असे चित्रपट पाहतो आणि बाहेर पडताना विसरूनही जातो. हा मात्र विसरता येत नाही, कारण त्याने उचललेला प्रश्न मुलांपुरता नाही. सोंग म्हणून केलेले सत्कृत्य हे सत्कृत्य असते काय? आणि ज्याचे नाव एकदा वाईट म्हणून नोंदले गेले, त्याला ती नोंद पुसून काढता येते काय?

चित्रपटाचा आरंभ फार विचारपूर्वक योजिलेला आहे. एका उपाहारगृहात लांडगा आणि साप समोरासमोर बसून गप्पा मारीत आहेत. सापाचा वाढदिवस आहे, आणि त्याला वाढदिवसाचा तिटकारा आहे. दोन जुने मित्र एकमेकांची थट्टा करतात, खातात, पितात. त्यांच्या बोलण्यात इतकी आपुलकी आहे की, हे कोण आहेत याचा प्रेक्षकाला क्षणभर विसर पडतो. मग कॅमेरा वळतो आणि दिसते की उपाहारगृहातील बाकीची माणसे भिंतीला चिकटून भीतीने थरथरत आहेत. दोघे शांतपणे उठतात, रस्ता ओलांडतात आणि समोरची बँक लुटतात. आधी स्नेह, मग त्यांचे नाव, आणि नावामागोमाग त्यांचे कर्म, असा हा क्रम आहे. तो उलटा असता तर हा चित्रपट चारचौघांसारखा झाला असता. येथे आपण प्रथम त्यांच्या मेजावर बसतो, आणि जगाला ते कसे दिसतात हे आपल्याला मागाहून कळते.

बृहन्महाराष्ट्रात नोकरीनिमित्त फिरणाऱ्या वाचकाला या प्रसंगाचे मर्म निराळे समजावून सांगावयास नको. बदलीचा हुकूम हाती पडण्यापूर्वीच माणसाची ख्याती नव्या कचेरीत जाऊन पोचलेली असते. साहेब कडक आहेत, साहेब तापट आहेत, अमक्या ठिकाणी त्यांचे पटले नाही, हे तेथला शिपाईसुद्धा जाणतो. मागल्या कोणी वरिष्ठाने गोपनीय अहवालात मारलेला एक शेरा पुढे वर्षानुवर्षे आपल्या आधी खुर्चीवर जाऊन बसतो. मग माणूस दोहोंपैकी एक मार्ग धरतो. एक तर तो शेरा खोटा ठरविण्यासाठी झिजत राहतो, नाही तर तो शेराच अंगरख्यासारखा चढवून मिरवू लागतो. चित्रपटातील टोळीने दुसरा मार्ग धरला आहे. लोक आपल्याला राक्षसच समजणार, तर मग राक्षसांत पहिला नंबर आपला का नसावा, ही त्यांची साधी विचारसरणी. त्यांच्या गुन्ह्यात लोभापेक्षा हा अभिमानच अधिक आहे. म्हणूनच, टोळीचे दिवस आता भरले अशा अर्थाचा टोमणा गव्हर्नर डायान फॉक्सिंग्टन दूरचित्रवाणीवर मारते, तेव्हा तो त्यांच्या जिव्हारी लागतो. आणि सत्पुरुषाला द्यावयाचा सोन्याचा डॉल्फिन पळवून नेण्याचा बेत ठरतो.

त्या समारंभातच या कथेचे बीज आहे. वेषांतर केलेला लांडगा जिन्यावर एका वृद्धेची थैली मारण्याच्या बेतात असतो, तोच तिचा तोल जातो. थैली त्याच्या हाती असल्याने ती ओढताना तो तिला सावरतो. म्हणजे चोरीसाठी पुढे केलेला हात तिच्या रक्षणाला कारण होतो. वृद्धा कृतज्ञतेने त्याला भला म्हणते, आणि लांडग्याची शेपटी त्याला न विचारता हलू लागते! तो ती दडपू पाहतो, भोवताली बघतो, शरमतो; शेपटी हलतच राहते. या एका बारीकशा हालचालीत दिग्दर्शकाने जे साधले आहे, ते पानभर संवादांनी साधले नसते. येथे लांडगा काही निश्चय करीत नाही, त्याला पश्चात्तापही झालेला नाही. कोणीतरी त्याला चांगले म्हटले आणि त्याला ते आवडले, एवढेच घडले आहे. सद्गुणाचा उगम इतका क्षुल्लक, इतका शारीरिक असू शकतो हे सांगण्याचे धैर्य नीतिपाठांच्या पुस्तकांना सहसा होत नाही.

पुढे टोळी पकडली जाते. शिक्षा टाळण्यासाठी लांडगा आपल्या सुधारणेचा प्रयोग सुचवितो, आणि पुरस्काराचा मानकरी असलेला प्राध्यापक मार्मालेड हा गिनीपिग तो प्रयोग अंगावर घेतो. त्याच्या प्रशस्त निवासस्थानी चांगुलपणाचे पाठ सुरू होतात आणि पाठ देताना पुढे मार्मालेडचा कीर्तिध्वज फडकत असतो. या पाठांनी कोणीही सुधारत नाही, हे चित्रपटाने अचूक दाखविले आहे. लांडगा बदलतो तो पाठाबाहेर, झाडावर अडकलेल्या, त्याला पाहून अधिकच घाबरलेल्या मांजराच्या पिलाला हळूहळू धीर देऊन खाली उतरविताना. त्या पिलाला त्याचा दप्तरी इतिहास ठाऊक नाही. त्याला फक्त सुळे दिसतात, आणि आवाजातले मार्दव ऐकू येते.

येथे मराठी रसिकाला व्ही. शांताराम यांच्या ‘दो आंखें बारह हाथ’ची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. औंध संस्थानातील स्वतंत्रपूरच्या मुक्त वसाहतीच्या प्रयोगावरून स्फुरलेला, ग. दि. माडगूळकरांनी लिहिलेला तो १९५७ चा चित्रपट याच प्रश्नाला भिडला होता. तुरुंगाधिकारी आदिनाथ सहा खुनी कैद्यांना ओसाड माळावर नेतो आणि त्यांच्यावर पहारा ठेवतो तो केवळ आपल्या दोन डोळ्यांचा. पळून गेलेले कैदी परततात ते त्या डोळ्यांच्या आठवणीने. दोन्ही चित्रपटांचे निदान एकच आहे. माणूस सुधारतो तो त्याच्याकडे कसे पाहिले जाते यावर. परंतु किंमत कोणी मोजावयाची, याविषयी दोघांचे उत्तर भिन्न आहे. आदिनाथ आपल्या प्रयोगासाठी प्राण देतो. मार्मालेड प्रयोगात काहीच गुंतवीत नाही, आणि पुढे कळते की प्रयोग हीच त्याची लूट होती. सुधारक म्हणून मिरविणाऱ्याची पारख त्याने स्वतः काय पणाला लावले आहे यावरून करावी, हा धडा दोन्ही चित्रपट शेजारी ठेवले म्हणजे स्पष्ट होतो.

सापाचे पात्र मला या चित्रपटातील सर्वांत खरे वाटले. लांडगा बदलू लागतो तेव्हा सापाला आनंद होत नाही, मत्सरही वाटत नाही. त्याला वाटते ती फसवणूक. जगाने आपणांस दूर लोटले म्हणून तर आपण एकमेकांचे झालो. आता जग एकालाच जवळ करीत असेल, तर मागे उरलेल्याने कोणाकडे पाहावे? सुधारणेच्या कथांत हा मागे राहणारा मित्र क्वचितच दिसतो. येथे तो दिसतो, आणि त्याचा राग आपल्याला अन्याय्य वाटत नाही. शेवटी तो मार्मालेडच्या गोटात शिरून त्यालाच फसवितो, तेव्हा त्याचा कपटी स्वभाव नाहीसा झालेला नसतो. तोच स्वभाव मित्रांच्या कामी आलेला असतो. सुधारणा म्हणजे स्वभावाचा त्याग नव्हे, त्याचा विनियोग होय, हे कथेने फार समजुतीने सुचविले आहे.

आता दोषांकडे वळले पाहिजे. सुळेवाल्यांना केवळ सुळ्यांवरून वाईट ठरवू नये, हा कथेचा सिद्धांत आहे. त्यावरून निघणारे प्रामाणिक अनुमान एवढेच, की रूपावरून अंतरंगाचा निवाडा करू नये. परंतु चित्रपटाने अधिक सोपी वाट धरली. भयंकर दिसणारे सारे आतून भले, आणि गोंडस दिसणारा गिनीपिग तेवढा दुष्ट, अशी केवळ अदलाबदल त्याने केली. पाटी उलटी टांगली म्हणजे ती पुसली जात नाही. शिवाय मार्मालेड दुष्ट का झाला, त्याच्या शेपटीची हालचाल कोठे हरवली, हे विचारण्याची तसदी कथा घेत नाही. पाच दरोडेखोरांना जी करुणा मिळाली, तिचा एक थेंबही त्याच्या वाट्याला येत नाही. ज्या चित्रपटाने ‘कोणीही जन्मतः वाईट नसतो’ असे म्हणावयाचे, त्यानेच एकाला जन्मतः वाईट असल्यासारखे वागवावे, ही विसंगती लहान नव्हे.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. गव्हर्नर डायान फॉक्सिंग्टन ही पूर्वायुष्यात ‘क्रिम्झन पॉ’ या नावाने गाजलेली अट्टल चोर होती, हे आपल्याला उत्तरार्धात कळते. ती सुधारली, कोणी तिच्यावर प्रयोग केला नाही, कोणी पाठ दिले नाहीत. येथवर पात्र उत्तम आहे. परंतु शेवटी लांडगा आणि त्याचे सोबती आपण होऊन हात पुढे करतात, तुरुंगात जातात आणि वर्षभराने सद्वर्तनाबद्दल सुटतात. डायान मात्र अधिकारपदावर कायम राहते. तिने एके काळी चोरलेला हिरा मार्मालेडजवळ सापडतो आणि तिच्या जुन्या गुन्ह्यांचे ओझेही त्याच्याच माथी जाते. प्रेक्षागृहात या वेळी हशा पिकतो. तो विरल्यावर मात्र मन अस्वस्थ होते. मार्मालेड शिक्षेस पात्र होता यात शंका नाही, पण या गुन्ह्याबद्दल नव्हे. खोट्या नोंदीखाली दबलेल्यांची बाजू घेऊन निघालेली कथा शेवटी एका दप्तरात स्वतःच खोटी नोंद करते, आणि तीही खुर्चीवर बसलेल्या व्यक्तीच्या सोयीसाठी! शासनाच्या सेवेत आयुष्य घालविलेल्या वाचकाला हे दृश्य विनोदी वाटेल. नवे मात्र वाटणार नाही. गंमत अशी की, दिग्दर्शकाच्या मायदेशी बाराव्या शतकापासून रनार नावाच्या कोल्ह्याच्या कथा सांगितल्या जातात, आणि तेथेही कोल्हा प्रत्येक वेळी निसटतो, फटके बसतात ते लांडग्याला. हा वारसा दिग्दर्शकाने जाणून घेतला असो वा नसो, कोल्ह्यांचे भाग्य आठशे वर्षांत पालटलेले नाही.

रूपाविषयी दोन शब्द. संगणकावर केसन्‌केस मोजून काढण्याचा सोस अलीकडे फार बोकाळला होता. या चित्रपटाने तो टाळला आहे. आकृत्यांना घनता आहे, पण चेहऱ्यावरच्या रेषा हाताने ओढल्यासारख्या आहेत, धूर आणि धूळ चित्रकाराच्या फटकाऱ्यांनी उडते. त्यामुळे पाठलागाचे प्रसंग चपळ होतात आणि मुद्राभिनयाला वाव मिळतो. लांडग्याला सॅम रॉकवेल यांनी दिलेला आवाजही असाच आहे. त्यात ऐट आहे, आणि ऐटीच्या आड किंचित थकवा. मधला भाग मात्र लांबला आहे. उल्केच्या शक्तीने गिनीपिगांना मोहित करून दानाचा पैसा पळविण्याचे कारस्थान गोंगाटात हरवते.

२०२५ साली आलेल्या दुसऱ्या भागात, तुरुंगातून सुटलेला लांडगा आपण पूर्वी लुटलेल्या बँकेतच नोकरीसाठी मुलाखत द्यायला जातो. प्रसंग विनोदी आहे, पण पहिल्या भागाने टाळलेले सत्य त्यात आहे. शिक्षा भोगून झाली तरी शेरा भोगून होत नाही. सुधारणेची कथा ‘तो सुधारला’ या वाक्याशी संपत नाही. तेथून ती इतरांची कथा होते.

हितोपदेशकारांचा इशारा म्हणून खोटा ठरत नाही. कंकण दाखविणारे वाघ आजही तळ्याकाठी बसलेले आहेत, आणि या चित्रपटातला त्यांचा प्रतिनिधी मार्मालेड आहे. परंतु वाटसरूला सावध करणारी ती कथा वाघाला काहीच सांगत नाही. समजा, एखाद्या वाघाला खरोखरच कंकण देऊन टाकावयाचे असेल, तर त्याने काय करावे? त्या वाघाच्या बाजूने विचार करणारी कथा आपल्या मुलांनी एकदा तरी पाहिलेली असावी. पाहून झाल्यावर, त्या हिऱ्याचा खरा हिशेब काय, हेही त्यांना विचारावे. मुले त्याचे उत्तर चुकवीत नाहीत.