गोणपाटामागचा डॉक्टर

किन्हीराजात आमच्या ज्वारीत बुजगावणं असायचं. बाबांचा फाटका सदरा, डोक्याला मडकं. पाखरं दोन-चार दिवस बिचकायची, मग त्याच्याच खांद्यावर बसायची. म्हणून ‘बॅटमॅन बिगिन्स’मध्ये (२००५) किलियन मर्फीचा डॉ. क्रेन तोंडावर गोणपाट चढवतो, तेव्हा मी घाबरत नाही.

घाबरतो ते कोर्टात. तिथे हा मानसोपचारतज्ज्ञ अगदी शांतपणे सांगतो, की फाल्कोनीचा गुंड वेडा आहे. तुरुंग नको, आर्कममध्ये पाठवा. भीतीचा वायू फवारावाच लागत नाही, पदवी पुरते. ‘द डार्क नाइट रायझेस’मध्ये (२०१२) तर तो मुखवट्याशिवाय न्यायाधीश होऊन बसतो. मर्फीचा तो थंड, सभ्य आवाज मला तिन्ही सिनेमांत सगळ्यात भारी वाटला.

नोलनवर राग एकाच गोष्टीचा. आर्कममधले खरे आजारी कोण, हे सिनेमा विचारतच नाही. दारं उघडली की ते सगळे नुसती अंगावर येणारी गर्दी.

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षी माझी झोप उडाली होती. डॉक्टरकडे जायला मी सहा महिने लावले. गोळ्यांची भीती नव्हती. फाइलवर काय लिहितील, याची होती. दोनदा तर दवाखान्याच्या पायरीवरून परत फिरलो.