'कमला' नाटकातील घर

विजय तेंडुलकरांच्या 'कमला' (१९८१) ह्या नाटकाची चर्चा बहुधा वृत्तपत्री धाडसाच्या अंगाने होते. आम्हा दिल्लीकरांस मात्र हे एका घराचे नाटक वाटते. नीतीबागेसारख्या प्रतिष्ठित वस्तीतला तो बंगला. असल्या दिवाणखान्यांत आपणही चहा घेतलेला आहे.

नाटकामागील घटना वाचकांस आठवत असेल. स्त्रियांचा क्रयविक्रय सिद्ध करण्यासाठी अश्विनी सरीन ह्या पत्रकाराने १९८१ साली एक स्त्री २,३०० रुपयांस विकत घेतली व 'इंडियन एक्सप्रेस'मधून ते उघड केले. तेंडुलकरांचा जयसिंग जाधव कमलेला अवघ्या २५० रुपयांत आणतो.

अमेरिकेत पळून आलेल्या गुलामांस घरात दडवून ठेवणारी लेव्ही व कॅथरिन कॉफिन ह्यांच्यासारखी जोडपी होती. गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या अमेरिकेतील लोकांसच जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली. जयसिंगही कमलेला दडवितो, पण केवळ पत्रकार परिषदेपर्यंत! तेथे तिला फाटक्या वस्त्रांनिशी उभी केली, की तिची रवानगी अनाथाश्रमात. सरिता तिला घरातच ठेवून घेऊ म्हणते, तेव्हा ह्या घरात निर्णय कोण घेतो, हे तिला सुनावले जाते. आश्रय देऊ पाहणारीचेच ते घर नाही, हे तिला त्या क्षणी कळते. नाटकाचा खरा कळस आम्हांस तेथे दिसतो. आपणच पत्रकार परिषद भरवून जयसिंगाने घरी बाळगलेली दासी जगापुढे आणावी, हा तिचा पुढील उद्गार त्या मानाने वक्तृत्वाकडे झुकलेला आहे.

एक दोष मात्र झाकता येत नाही. कमला बंगल्याबाहेर पडते ती नाटकाबाहेरच. पुढे जयसिंगाची नोकरी जाते, आणि प्रेक्षकांची सहानुभूती त्याच्या मागे धावू लागते. कमलेचा उपयोग करून तिला दूर सारल्याबद्दल नाटककार ज्याला दोषी धरतो, त्याच्याच वाटेने तोही थोडा गेला आहे.

तरीही त्या रात्रीचा प्रवेश विसरणे अशक्य. 'तुला केवढ्याला घेतले?' ह्या अर्थाचा प्रश्न कमला मालकिणीस निरागसपणे विचारते, आणि सरिताही आकडा सांगते. मग कमला वाटणी सुचविते : कष्टाची कामे आपण करू, हिशेब तू पाहा, महिन्याचे पंधरा दिवस तुझे, पंधरा माझे. दोघींनी एका छपराखाली कसे राहावे, ह्याचा विचार त्या सबंध बंगल्यात तिनेच केलेला असतो.