एक्स्टर्नल, पण कशाच्या बाहेर?

मागच्या मे महिन्यात एकाच आठवड्यात मी दोनदा ‘एक्स्टर्नल’ होतो.

मंगळवारी, ज्या कॉलेजातून इंजिनिअर झालो तिथे शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टची तोंडी परीक्षा घ्यायला गेलो होतो. गेटवरच्या काकांनी फोन करून वर कळवलं, ‘एक्स्टर्नल आले.’ मग पोहे आले, चहा आला, बंद असलेला एसी चालू झाला. कॉरिडॉरमध्ये इस्त्रीचे शर्ट घातलेली पोरं कुजबुजत होती, ‘एक्स्टर्नल कसे आहेत रे? कोड विचारतात का?’ इंजिनिअरिंगच्या मराठीत हे विशेषण राहिलेलंच नाही. तो एक माणूस आहे, आणि त्याला आदरार्थी बहुवचन लागतं.

गुरुवारी ऑफिसात होतो. ज्या कंपनीच्या इमारतीत मी तीन वर्षं बसतोय, तिच्या पगारपत्रकावर मी नाही. दुसऱ्या कंपनीमार्फत कंत्राटावर आहे. त्यामुळे मेलमध्ये माझ्या नावापुढे कंसात आपोआप ‘एक्स्टर्नल’ लागतं. मी लिहिलेल्या मोड्यूलचं पुढे काय करायचं यावर मीटिंग होती. निमंत्रण आलं आणि तासाभरात मागे घेतलं गेलं: सॉरी, ही फक्त इंटर्नल आहे.

शब्द तोच. एकदा त्याने पोहे मिळवून दिले, एकदा दार लावलं. तेव्हापासून हा शब्द डोक्यात घोळतोय.

लॅटिनमध्ये ‘एक्स्टर’ म्हणजे बाहेरचा. त्याच्यापासून इंग्रजीत ‘एक्स्टर्नल’ आला. त्याच लॅटिन शब्दाचं तुलनेचं रूप, म्हणजे ‘अधिक बाहेरचा’, हे ‘एक्स्टिरिअर’. आणि ‘सगळ्यात बाहेरचा’ तो ‘एक्स्ट्रीम’. ‘स्ट्रेंज’ आणि ‘स्ट्रेंजर’ हेही याच गोतावळ्यातले. म्हणजे बाहेरचा, टोकाचा, विचित्र आणि अनोळखी ही सगळी एका घरातली भावंडं आहेत. त्यांतला ‘एक्स्टर्नल’ हा सगळ्यात सभ्य. टाय लावून फॉर्मवर बसतो, कुणाला वाईट वाटू देत नाही.

पण या सभ्य शब्दाला दोन अर्थ आहेत आणि ते एकमेकांच्या विरुद्ध जातात. एक्स्टर्नल वॉल म्हणजे घराची बाहेरची भिंत. ती घराचीच असते. एक्स्टर्नल इअर म्हणजे कानाचा बाहेरचा भाग, पडद्यापर्यंतची नळीसुद्धा त्यात धरतात, तो कानाचाच. इथे अर्थ ‘आमचाच, पण बाहेरच्या बाजूचा’. एक्स्टर्नल हार्डडिस्क, एक्स्टर्नल परीक्षक, एक्स्टर्नल कर्मचारी इथे मात्र अर्थ ‘आमचा नव्हे’. पहिल्या अर्थात माणूस घराची भिंत असतो, दुसऱ्यात पाहुणा. शब्द सांगत नाही की आपण कोण.

कारण हा शब्द वस्तूविषयी काही सांगतच नाही, तो एका रेषेविषयी सांगतो. बहीण एमबीबीएसला असताना तिने सांगितलेली गोष्ट मला फार आवडते. मानेत कॅरोटिड नावाची धमनी दोन फाट्यांत विभागते, एक इंटर्नल आणि एक एक्स्टर्नल. दोन्ही मानेच्या आतच. गंमत म्हणजे जिथे फाटे फुटतात तिथे एक्स्टर्नल धमनी मानेच्या मध्याला जास्त जवळ असते आणि इंटर्नल बाजूला. मग ही नावं कशी? कारण इंटर्नल पुढे कवटीच्या आत, मेंदूकडे जाते. एक्स्टर्नल चेहऱ्याला रक्त पुरवते. रेषा मानेची नाहीच, कवटीची आहे. ती ठाऊक नसेल तर नाव उलटंच वाटतं.

देशांच्या बाबतीत हीच रेषा राजकारण ठरवतं. जगात बहुतेक ठिकाणी ‘फॉरेन’ अफेअर्सचं खातं असतं, आपल्याकडे मात्र ‘एक्स्टर्नल’ अफेअर्स. ऑस्ट्रेलियाने १९०१ मध्ये आणि कॅनडाने १९०९ मध्ये याच नावाचं खातं उघडलं. साम्राज्यातल्या वसाहतींना ब्रिटन ‘फॉरेन’ म्हणता येईना, आणि खरं परराष्ट्र धोरण तर लंडनच्या फॉरेन ऑफिसच्या हातात. म्हणून मधला शब्द निघाला: परका नाही, पण बाहेरचा. १९४६च्या हंगामी सरकारात नेहरूंकडे जे खातं होतं त्याच्या नावात एक्स्टर्नल अफेअर्स आणि कॉमनवेल्थ संबंध हे दोन्ही होते. पुढे ऑस्ट्रेलियाने १९७० मध्ये ‘फॉरेन’ शब्द घेतला, कॅनडानेही नंतर घेतला. आपण जुनं नाव ठेवलं. आजही वॉशिंग्टनला आपला राजदूत असतो आणि लंडनला उच्चायुक्त, तो याच जुन्या हिशेबाने.

आता मराठी भाषांतर बघा: परराष्ट्र मंत्रालय. ‘पर’ म्हणजे दुसरा, परका. इंग्रजीने एवढ्या कसरतीने टाळलेला शब्द मराठीने पहिल्याच अक्षरात घेतला. मला हे भाषांतर वाईट वाटत नाही. स्वतंत्र देशाने परक्याला परका म्हणावं, हे उलट जास्त सरळ आहे. मूळ नावातला संकोच मराठीत उरला नाही, हा फायदाच.

पण तीच सवय दुसरीकडे फसते. माझा आत्तेभाऊ मस्कतला असतो. पगारातून वाचवलेले पैसे सांगलीतल्या बँकेत एनआरई खात्यावर मुदत ठेवीत टाकतो. देशाच्या ‘एक्स्टर्नल डेट’चे आकडे येतात तेव्हा अनिवासी भारतीयांच्या अशा ठेवी त्यात धरलेल्या असतात. पैसे देणारा भारतात राहत नाही, एवढाच तिथला निकष. पासपोर्ट कुठला, आजोळ कुठलं, याला महत्त्व नाही. इंग्रजी शब्द इथे बरोबर आहे. मराठी पेपरात मात्र त्याचं ‘परकीय कर्ज’ होतं, आणि सांगलीच्या पोराची बचत परक्याची होऊन बसते. ‘बाह्य कर्ज’ हा कोरडा शब्द इथे जास्त न्यायाचा आहे.

म्हणजे ‘एक्स्टर्नल’ला मराठीत एक ठरलेला प्रतिशब्द शोधणं हीच चूक आहे. घरातल्या बायका हे शब्दकोशवाल्यांपेक्षा चांगलं करतात. बाटलीवर छापलेलं असतं ‘केवळ बाह्य वापरासाठी’. आई सांगते, ‘हे वरून लावायचं, पोटात नाही घ्यायचं.’ कशाच्या बाहेर, ते तिच्या वाक्यात आहे.

अर्थात आपल्या ‘बाहेर’ला साधंभोळं समजण्यात अर्थ नाही. ‘बाहेरची खोली’ घराचीच असते, ‘बाहेरची माणसं’ घराची नसतात. तोच घोळ इथेही. ‘बाहेरचं खाणं’ पोट बिघडवतं, ‘बाहेरची बाधा’ झाली तर उतारा टाकतात. आणि आजीच्या काळात महिन्याचे चार दिवस बाई ‘बाहेर बसायची’. बसायची घरातच, कोपऱ्यात, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. भिंत कुठेच नव्हती. रेषा कुणीतरी तिच्याभोवती काढलेली होती आणि तिला बाहेर म्हणायचं, एवढंच ठरलेलं होतं. उरलेले सव्वीस दिवस स्वयंपाकघर तिच्यावाचून चालत नसे.

इंग्रजी आणि मराठीत फरक असलाच तर हा: ‘बाहेरचा’ म्हटलं की उंबरठा दिसतो, आणि उंबरठा दिसला की भांडता येतं. ‘एक्स्टर्नल’ म्हटलं की उंबरठा दिसत नाही, नुसता एक कंस दिसतो. इंग्रजीच्या व्याकरणात ‘एक्स्टर्नल टु अमुक’ असं म्हणायची सोय आहे. रोजच्या वापरात तो ‘टु अमुक’ गळून पडतो. तो गळला की रेषा कुठे, हे ज्याच्या हातात सत्ता तो ठरवतो. म्हणून एक्स्टर्नल परीक्षकाला पोहे मिळतात आणि बहिःस्थ विद्यार्थ्याला, तोही इंग्रजीत एक्स्टर्नलच, नोकरीच्या मुलाखतीत ‘रेग्युलर का नाही केलं?’ असं विचारतात. दोघेही कॉलेजच्या बाहेरचेच. एक मार्क देतो, दुसरा मागतो.

रोज सी भाषेत काम करतो म्हणून एक सांगतो. सीमध्ये फंक्शन लिहिलं की त्याचं लिंकेज मुळातच एक्स्टर्नल असतं. म्हणजे ते परकं असतं असं नाही. ते नाव इतर फाइलींनाही ओळखता येतं, वापरता येतं. लपवायचं असेल तर पुढे ‘स्टॅटिक’ असं मुद्दाम लिहावं लागतं. बाहेरच्यांशी नातं असणं हे तिथे गृहीत आहे, दार लावण्यासाठी जास्तीचा शब्द खर्च करावा लागतो. माझ्या माहितीतला या शब्दाचा हा सगळ्यात चांगला वापर आहे, आणि तो माणसांसाठी केलेला नाही.

शुक्रवारी त्या इंटर्नल मीटिंगमधल्या एकाचा फोन आला. मोड्यूल एका ठिकाणी डेटा दोनदा का वाचतं, हे आत कुणालाच सांगता येत नव्हतं. मी वीस मिनिटं समजावून सांगितलं. त्याने थँक्स म्हटलं आणि बोलणं झाल्याप्रमाणे सगळं मेलवर टाकायला सांगितलं. मी टाकलं. मेल पोचला तेव्हा वर पिवळी पट्टी आली असणार: हा मजकूर एक्स्टर्नल व्यक्तीकडून आला आहे, उघडताना काळजी घ्या.