सुटातले संत सेबास्तियन

संत सेबास्तियन यांची प्रतिमा आपल्या कुटुंबांना परिचित आहे. उघड्या अंगात बाण रुतलेले, तरी मुद्रा शांत. चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सूझा यांनी १९५५ साली या रक्तसाक्ष्याला सूट आणि टाय चढवला व बाण त्याच्या चेहऱ्यात आणि मानेत रोवले. चित्राचे नाव ‘मिस्टर सेबास्तियन’.

सूझा आपल्यांपैकीच. जन्म १९२४ चा, गोव्यातील साळगावचा. वडील लवकर निवर्तले; बाळपणी देवीच्या आजाराने ग्रासले, तेव्हा आईने संत फ्रान्सिस झेवियर यांना नवस केला. त्यांचे ‘फ्रान्सिस’ हे नाव त्या नवसाचे. १९४७ साली मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन करण्यात त्यांचा पुढाकार होता. १९४९ मध्ये ते लंडनला गेले.

त्यांचे खरे बळ रेषेत आहे. जाड काळ्या रेषेने ते मस्तक बांधतात, डोळे कपाळावर चढवतात आणि बारीक, एकमेकींना छेदणाऱ्या रेषांनी चेहरा विणत जातात. ही वीण दाटली की ती कातडी न वाटता टाके घातलेली जखम वाटते.

सूट हे प्रतिष्ठित पुरुषाचे चिलखत. म्हणूनच बाण नेमके उघड्या भागी लागतात, असे आम्हांस वाटते. नीरा-भीमेच्या संगमावरील नरसिंहपुराच्या बाजूला सूट क्वचित दिसेल. पण कर्ज, आजार, अपमान सदऱ्याखाली झाकणारे पुरुष तेथेही आहेत. ‘बायकांसारखा रडतोस काय?’ हे वाक्य मुलाच्या कानी फार लवकर पडते. लाजराच्या कबरीपाशी मात्र प्रभू येशू सर्वांदेखत रडला.

लंडनच्या टेट संग्रहातील १९५९ च्या ‘क्रूसारोहण’ चित्रात सूझांनी तोच प्रभू काळा, काटेरी देहाचा दाखवला आहे. काही श्रद्धावंतांना ते रूप विद्रूप वाटेल. आमच्या मते वेदनेला गोड करून न दाखवणे हीही एक भक्तीच.

एक उणीव मात्र सांगितली पाहिजे. पुरुषाच्या जखमेपाशी थबकणारी ही रेषा स्त्रीपाशी अनेकदा कठोर होते. तिथे देह उरतो, दुःख दिसत नाही. ही करुणा अर्धी आहे.

सूझा २००२ साली मुंबईत निवर्तले. पवित्र शुक्रवारी क्रूसाचे चुंबन घेताना आपल्या घरातील अबोल बापाकडे, भावाकडेही पाहावे. त्याचे बाण आपण कधी विचारले आहेत काय?